लाळ-खुरकुतीच्या लशीत तीन वेगवेगळी सालं का असतात?

लाळ-खुरकुतीच्या लशीच्या बाटलीवर आपल्याकडे तीन नावं असतात: ओ, ए आणि एशिया-१. ही सीरोटाइपची नावं. पण कारखान्यात लस बनवताना ‘ओ’ नावाचं काही सर्वसाधारण द्रव्य वापरता येत नाही. कुठल्यातरी साली, कुठल्यातरी आजारी जनावराच्या तोंडातून घेतलेला एक नेमका विषाणू निवडावा लागतो आणि पुढे वर्षानुवर्षं तोच वाढवावा लागतो. भारतात गेली अनेक वर्षं जी लस टोचली गेली, तिच्यातले तीन विषाणू असे: ओ आयएनडी आर२/१९७५, ए आयएनडी ४०/२००० आणि एशिया-१ आयएनडी ६३/१९७२. शेवटचा आकडा म्हणजे नमुन्याचं साल. म्हणजे परवा जन्मलेल्या कालवडीला आपण १९७२, १९७५ आणि २००० सालचे विषाणू ओळखायला शिकवतो आणि तिने आजच्या विषाणूशी लढावं अशी अपेक्षा करतो.

हे ऐकून पहिली प्रतिक्रिया ‘इतकी जुनी लस कशी चालेल?’ अशीच असते. गोठ्यात उभं राहिल्यावर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू ऐकू येते: “लस टोचली होती हो, तरी खुरकूत आलीच.” या तक्रारीची दोन उत्तरं संभवतात. एक तर विषाणू बदलला, किंवा टोचलेला डोस जनावराच्या शरीरात कामच करू शकला नाही. संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाला पहिलं उत्तर आवडतं, कारण त्यावर पेपर होतो. दोन्हींत फरक कसा करायचा हे समजायला या लशीचा इतिहास कामाला येतो, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. लहान मुलांना ताप येऊन हातापायांवर, तोंडात फोड येतात, तो आजार वेगळा आणि त्याचे विषाणूही वेगळे. लाळ-खुरकूत, म्हणजे खेड्यातल्या बोलीत तोंडखुरी-पायखुरी, हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. मोठं जनावर सहसा मरत नाही. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, चारा तुटतो, दूध आटतं. वासरं मात्र हृदयाच्या स्नायूला सूज येऊन पटकन दगावतात.

‘सहसा मरत नाही’ या तीन शब्दांमुळे हा रोग भारतात फार काळ दुर्लक्षित राहिला. एकोणिसाव्या शतकात सरकारला धास्ती होती ती बुळकांडीची. तिच्यात गावंच्या गावं जनावरांवाचून रिकामी व्हायची. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने गुरांच्या साथींवरचा अहवाल १८७१ मध्ये दिला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, ती आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा, म्हणजे आयव्हीआरआयचा, जन्म पुण्याचा आहे हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा माहीत नसतं. जिवंत जंतू गजबजलेल्या शहरात हाताळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथेही मुख्य काम बुळकांडीचंच.

१८९७ मध्ये रॉबर्ट कॉख प्लेगच्या कामासाठी मुंबईला आले आणि बुळकांडीचं काम बघायला मुक्तेश्वरलाही गेले. साधारण त्याच सुमारास जर्मनीत त्यांचे जुने सहकारी फ्रीडरिश लोफलर आणि पॉल फ्रॉश लाळ-खुरकुतीवर काम करत होते. फोडातला द्रव त्यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, आणि गाळलेल्या द्रवानेही वासरं आजारी पडली. प्राण्यांच्या रोगाला विषाणू कारणीभूत असल्याचा हा पहिला पुरावा, १८९७-९८ चा. विषाणूशास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात हा प्रयोग असतोच. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. बऱ्या झालेल्या जनावराला पुन्हा तोच रोग लगेच होत नाही हे त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे लस शक्य आहे हे त्यांना तेव्हाच दिसत होतं. मग अडलं कुठे?

अडलं ते ‘तोच रोग’ या शब्दांपाशी. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये वॅली आणि कारे यांनी दाखवलं की एका विषाणूपासून बरं झालेलं जनावर दुसऱ्या ठिकाणच्या विषाणूने पुन्हा आजारी पडतं. एक विषाणू फ्रान्सच्या ओआझ भागातला म्हणून ‘ओ’, दुसरा जर्मनीतून आलेला, आणि जर्मनीला फ्रेंचमध्ये आलमान्य म्हणतात म्हणून ‘ए’. १९२६ मध्ये वाल्डमान आणि ट्राउटवाइन यांनी ‘सी’ वेगळा काढला. नंतर आफ्रिकेतले तीन सॅट प्रकार आले. आणि १९५४ च्या पाकिस्तानातल्या नमुन्यावरून सातवा सीरोटाइप ठरला, एशिया-१. आपल्या उपखंडाच्या वाट्याला आलेला हा खास प्रकार.

सीरोटाइप म्हणजे काय याची सोपी व्याख्या अशी: एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. म्हणून एका बाटलीत तीन लशी घालाव्या लागतात. पूर्वी आपल्याकडे चार असायच्या. ‘सी’ची भारतातली शेवटची नोंद १९९५ ची, जगातली २००४ ची, त्यामुळे तो लशीतून वगळला गेला. बुळकांडीशी तुलना केली की अडचण किती मोठी आहे ते कळतं. बुळकांडीच्या विषाणूचा सीरोटाइप एकच, जिवंत लसीचा एक डोस जवळपास आयुष्यभर पुरायचा, आणि २०११ मध्ये तो रोग पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर झालं. लाळ-खुरकुतीत सात सीरोटाइप, प्रत्येकात असंख्य स्ट्रेन, आणि लशीचं संरक्षण काही महिन्यांचं.

आता लस बनवण्याकडे येऊ. विषाणू मारण्याआधी तो भरपूर वाढवावा लागतो, आणि सगळा खर्च तिथेच आहे. १९३८ च्या आसपास जर्मनीत वाल्डमान आणि कोबे यांनी जी लस केली, तिच्यासाठी जिवंत गुरांना जिभेवर मुद्दाम रोग द्यायचे, मग कापून जिभेवरचे फोड गोळा करायचे, फॉर्मेलिनने विषाणू मारायचा आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवायचा. नेदरलँड्समध्ये फ्रेंकेल यांनी १९४७ मध्ये सुधारणा केली. कत्तलखान्यातल्या निरोगी गुरांच्या जिभांची वरची साल ताजी असतानाच आणायची आणि विषाणू काचपात्रात तिच्यावर वाढवायचा. युरोपच्या सामूहिक लसीकरणाची सुरुवात या जिभांवर झाली.

ही पद्धत भारताच्या प्रमाणावर चालणं कठीणच होतं. रोज शेकडो ताज्या जिभा, त्या ठरावीक तासांत बर्फातून आणण्याची सोय, आणि गाय कापण्याबद्दलची इथली भावना, तिन्ही गोष्टी आड येतात. माझ्या मते भारतात या लशीचा खरा रस्ता उघडला तो १९६२ नंतर, हॅमस्टरच्या पिलाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या बीएचके-२१ पेशींवर हा विषाणू वाढतो हे कळल्यावर. पिरब्राइटमध्ये मोवॅट आणि चॅपमन यांनी हे दाखवलं, आणि लगोलग याच पेशी मोठ्या टाकीत तरंगत्या अवस्थेत वाढवता येऊ लागल्या. जिभेची जागा टाकीने घेतली. आजही लस याच पेशींवर बनते.

मारण्याच्या पद्धतीतही बदल झाला, आणि तो कसा झाला हे सिक्वेन्सिंग शिकणाऱ्यांनी जरूर वाचावं. फॉर्मेलिन विषाणूला शंभर टक्के मारतंच असं नाही. १९८७ मध्ये बेक आणि श्ट्रोमायर यांनी युरोपातल्या उद्रेकांतल्या विषाणूंचे जनुकीय क्रम लशीच्या स्ट्रेनशी ताडून पाहिले, तर अनेक उद्रेकांतला विषाणू लशीतल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. ज्या लशीने रोग थांबवायचा तीच काही ठिकाणी रोगाचा उगम ठरली होती, किंवा लस बनवणाऱ्या जागेतून विषाणू निसटला होता. त्याआधी १९७५ पासून बायनरी इथिलीनइमाइन हा पर्याय आला होता. तो विषाणूच्या आरएनएवर घाव घालतो आणि बाहेरचं प्रथिनांचं कवच बरंचसं शाबूत ठेवतो. आता सगळीकडे तोच वापरतात.

महाराष्ट्राचा धागा इथे पुन्हा येतो, उरुळीकांचनपासून. १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी दिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था काढली. होल्स्टिन आणि जर्सीच्या गोठवलेल्या रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारात नेऊन संकरित गाई तयार करणं हे तिचं मोठं काम. खिल्लार, डांगी किंवा देवणी जनावराला खुरकूत झाली तर ते बहुधा काही दिवसांत उठून उभं राहतं. संकरित गाय त्याच विषाणूने फार जास्त खचते. ताप जास्त, जखमा खोल, दूध गेलं ते त्या वेतात परत येत नाही, आणि बरी झाल्यावरही काही गाई उन्हात धापा टाकत राहतात, त्यांचे केस वाढतात, त्या गाभण राहत नाहीत. दहा-पंधरा लिटर देणाऱ्या गाईवर कर्ज काढलेल्या माणसासाठी ‘जनावर मरत नाही’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. बाएफने पुढे पुण्याजवळ वाघोलीला जनावरांच्या आरोग्याची संशोधन संस्था उभारून लाळ-खुरकुतीच्या लशीचं उत्पादन हाती घेतलं, ते याच गरजेतून. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या वेलकम फाउंडेशनच्या तंत्रावर हैदराबादला इंडियन इम्युनॉलॉजिकल्स सुरू केली. या दोन्ही संस्था मुळात दुधाशी जोडलेल्या आहेत. रोग जुनाच होता, गाय बदलली, आणि लशीची मागणी त्या बदलातून आली.

स्ट्रेनवर नजर ठेवण्याची सोय तोवर झालेली होती. १९६८ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. केंद्र मुक्तेश्वरला, आणि राज्याराज्यांत प्रादेशिक केंद्रं. महाराष्ट्राचं पुण्यात औंधला. उद्रेक झाला की फोडाची साल गोळा करायची, सीरोटाइप ठरवायचा, विषाणू साठवायचा. लशीतले ‘६३/७२’ आणि ‘आर२/७५’ हे अशा साठ्यांतूनच आलेले आहेत. २००१ मध्ये प्रकल्पाचं संचालनालय झालं, आणि आता मुख्य संस्था ओडिशात भुवनेश्वरजवळ अरुगुळला आहे.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर मूळ प्रश्नाकडे जाता येतं: काही स्ट्रेन पन्नास वर्षं टिकतात आणि काही वीस वर्षांत बाद होतात, असं का?

या विषाणूचा आरएनए सुमारे ८,४०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं एन्झाइम चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे बदल सतत होत राहतात. पण बदल होणं आणि लशीच्या प्रतिपिंडांना चकवणारा बदल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सिक्वेन्सिंगमध्ये दिसते, बहुतेक वेळा व्हीपी-१ या कवचातल्या प्रथिनाच्या जनुकावरून. दुसरी गोष्ट मोजायला आर-१ नावाचं गुणोत्तर आहे. लस टोचलेल्या जनावराचं सीरम घ्यायचं, ते लशीच्या विषाणूला किती निष्प्रभ करतं आणि मैदानातल्या नव्या विषाणूला किती, हे पाहून दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. उत्तर ०.३ किंवा जास्त आलं तर लस जुळते असं धरतात.

‘ओ’मध्ये वंशावळीच्या पातळीवर प्रचंड उलथापालथ झाली. पॅनएशिया ही शाखा १९९० मध्ये उत्तर भारतात प्रथम दिसली आणि मग जगभर गेली. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये तिने जो उद्रेक केला त्यात साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. भारतात त्यानंतर इंड-२००१ ही शाखा वरचढ झाली, तीही पुढे मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका आणि आग्नेय आशियापर्यंत पोहोचली. एवढं होऊनही आर२/१९७५ चं सीरम यातल्या बहुसंख्य विषाणूंना ओळखत राहिलं. झाड बदललं, पण प्रतिपिंडांना दिसणारा भाग फारसा बदलला नाही.

‘ए’ची गोष्ट उलट. हा सीरोटाइप सगळ्यांत चंचल. आधी लशीत ए आयएनडी १७/८२ होता, जनुकगट ६ मधला. पण २००१ नंतर देशात जनुकगट ७ ने बाकीच्यांना मागे टाकलं. मग २००२-०३ च्या सुमारास त्याच गटात एक विचित्र उपशाखा दिसू लागली: व्हीपी-३ प्रथिनातलं ५९ क्रमांकाचं अमिनो आम्लच गळालेलं. सुमारे साडेसातशे अमिनो आम्लांच्या कवचातून एक कमी, पण ती जागा नेमकी प्रतिपिंडं जिथे पकडतात तिथली. विषाणू अक्षर बदलतो हे नेहमीचं आहे. असं मोक्याचं अक्षर पुसून टाकूनही तो जगतो आणि पसरतो, हे क्वचित. १७/८२ ची जागा ४०/२००० ने घेतली, आणि त्यालाही पर्याय म्हणून २०११ सालचा ए आयएनडी २७/२०११ तपासला गेला आहे. नवा स्ट्रेन घ्यायचा म्हणजे केवळ आर-१ बघून भागत नाही. तो बीएचके पेशींत भरपूर वाढला पाहिजे, आणि त्याचं कवच टिकाऊ पाहिजे. जुळणारा पण टाकीत न वाढणारा विषाणू कारखान्याच्या काही कामाचा नसतो.

कवचाच्या टिकाऊपणावरून आपण दुसऱ्या उत्तराकडे येतो. अखंड विषाणूकणाला १४६-एस कण म्हणतात. सेंट्रिफ्यूजमध्ये तो किती वेगाने खाली बसतो यावरून हे नाव. लशीचं बळ या अखंड कणांवर अवलंबून असतं. उष्णता मिळाली किंवा आम्लता थोडी वाढली की कण फुटून त्याचे १२-एस तुकडे होतात. प्रथिन तेवढंच, वजन तेवढंच, पण प्रतिकारशक्ती फारच कमी. आणि ‘ओ’ या बाबतीत ‘ए’पेक्षा नाजूक आहे. म्हणजे स्ट्रेन उत्तम जुळणारा असला तरी बाटली २ ते ८ अंशांतून बाहेर पडून दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिली, तर टोचलं काय हा प्रश्नच आहे. गोठलेली लसही वायाच. बाटलीकडे बघून यातलं काहीच कळत नाही.

शिवाय वासरात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं असतात, त्यामुळे फार लवकर टोचलेला पहिला डोस वाया जाऊ शकतो आणि बूस्टर राहून गेला तर ते वासरू नोंदीत ‘लसीकृत’ आणि प्रत्यक्षात उघडं. आणि जनावरं एका जागी राहत नाहीत. बीड-नगरच्या बैलजोड्या दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि हंगाम संपला की परततात. मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत, सांगोल्याच्या बाजारात शेकडो गावांची गुरं एकत्र बांधली जातात. मुंबईचे तबेले तर पहिल्यापासून बाहेरच्या म्हशींवर चालतात. १९४९ मध्ये शहरातल्या म्हशी आरे वसाहतीत हलवल्या, तरी हरियाणा-गुजरातहून दुभती म्हैस आणायची आणि भाकड झाली की विकायची, ही रीत तशीच राहिली. मी जिथे राहतो त्या नावडे-तळोजा पट्ट्यात कारखाने आणि टॉवर यांच्या मधल्या गावठाणांत अजून म्हशी दिसतात. त्या कुठून आल्या हे विचारलं तर उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्याचं किंवा दुसऱ्या राज्याचं मिळतं. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि टोचून दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढवलेलं जनावर त्या काळात असुरक्षितच असतं.

म्हणून माझं मत असं की लसीकृत कळपात उद्रेक झाला तर आधी डोसवर संशय घ्यावा, मग स्ट्रेनवर. कधी टोचली, कुठे साठवली, किती जनावरं सुटली, बूस्टर झाला का, हे कंटाळवाणे प्रश्न आधी. त्यांची उत्तरं समाधानकारक असतील आणि तरीही आजार एका वयोगटापुरता न राहता सगळ्या कळपात असेल, तर मग आर-१ कडे वळायचं. ‘ए’च्या बाबतीत मात्र मी इतका निर्धास्त राहणार नाही.

२००३-०४ मध्ये देशातल्या ५४ जिल्ह्यांत नियमित सहामाही लसीकरण सुरू झालं, महाराष्ट्रातले काही जिल्हे त्यात होते. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ते सगळ्या देशावर नेलं, ब्रुसेलोसिससकट १३,३४३ कोटी रुपयांच्या तरतुदीने, पन्नास कोटींहून जास्त जनावरांसाठी, २०३० पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य ठेवून. जनावराच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो, तो याच नोंदीचा भाग. एवढ्या लसीकरणात खरा संसर्ग शोधायचा कसा, कारण प्रतिपिंडं तर सगळ्यांतच सापडणार? त्यासाठी विषाणू शरीरात वाढतानाच तयार होणारी, कवचाबाहेरची प्रथिनं शोधतात. आपल्याकडची ३एबी३ एलायझा चाचणी त्यावरच आधारलेली आहे. ती विश्वासार्ह राहायची तर लस त्या प्रथिनांपासून शुद्ध हवी. निर्मूलनाचा सगळा हिशेब या शुद्धतेवर उभा आहे, आणि बरे झालेले गाई-म्हशी महिनोन् महिने घशात विषाणू बाळगू शकतात ही भानगड वेगळीच.

या विषयात काम करायचं असेल तर सुरुवात नमुन्यापासून होते. न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल, साधारण एक ग्रॅम, फॉस्फेट बफर आणि ग्लिसरॉल निम्मं-निम्मं, पीएच ७.२ ते ७.६, बर्फात, आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, जनावराचं वय आणि शेवटच्या लसीकरणाची तारीख. यातली शेवटची तारीख फार वेळा कोरी असते. ती नसली तर विषाणूचा पूर्ण जनुकीय क्रम हातात असूनही त्याने लशीला चकवलं की नाही हे सांगता येत नाही.